होकायंत्रावरच्या ३२ दिशा: नावं, हिशेब आणि गफलती

तिवरा

शिडाच्या जहाजांची जुनी लॉगबुकं वाचायला घेतली आहेत. वारा, शिडं, पाण्याची खोली हे हळूहळू लागतं, पण दिशेच्या रकान्यात अडायला होतं. ‘साउथवेस्ट बाय वेस्ट, हाफ वेस्ट’ म्हणजे नेमके किती अंश? ‘नॉर्थ-नॉर्थईस्ट’ आणि ‘नॉर्थईस्ट बाय नॉर्थ’ यांत फरक काय? आपल्या आठ दिशांवर हे भागत नाही.

जाणकारांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ही ३२ नावं उलगडायची रीत. दोन, युरोपियन गलबतं यायच्या आधी आपल्या किनाऱ्यावरचे मालम (जहाजाचा मार्ग काढणारे) आणि अरब नाखवे याच कामासाठी कोणती नावं वापरत होते?

चौथा पहारा

पाठांतराची गरज नाही, निम्मं करत जायचं.

आधी चार मुख्य दिशा. त्यांच्या मधोमध चार उपदिशा: नॉर्थईस्ट, साउथईस्ट, साउथवेस्ट, नॉर्थवेस्ट. या आठांच्या मधोमध आणखी आठ. त्यांचं नाव शेजारच्या दोन दिशांना जोडून होतं, मुख्य दिशा पुढे: नॉर्थ-नॉर्थईस्ट, ईस्ट-नॉर्थईस्ट वगैरे. झाल्या सोळा. उरलेल्या सोळा फटींत ‘बाय’वाली नावं बसतात. एकूण ३२ घरं, प्रत्येक घर ११ अंश १५ मिनिटांचं. या घराला जहाजावर पॉइंट म्हणतात.

लोक चुकतात ते ‘बाय’मध्ये. नियम असा: ‘बाय’च्या आधी फक्त पहिल्या आठांपैकी एक दिशा येते आणि ‘बाय’च्या नंतर फक्त मुख्य चारांपैकी एक. अर्थ: आधीच्या दिशेपासून नंतरच्या दिशेकडे एक घर सरका. नॉर्थईस्ट बाय नॉर्थ म्हणजे ४५ मधून ११¼ वजा, ३३¾ अंश. नॉर्थ-नॉर्थईस्ट म्हणजे २२½. एवढाच फरक, एका घराचा. ‘नॉर्थ बाय नॉर्थईस्ट’ किंवा ‘नॉर्थ-नॉर्थईस्ट बाय ईस्ट’ अशी घरंच होकायंत्रावर नाहीत. कुठे छापलेली दिसली तर लिहिणाऱ्याने कधी सुकाणू धरलेलं नाही असं समजावं.

पहिला चतुर्थांश ओळीने: नॉर्थ ०, नॉर्थ बाय ईस्ट ११¼, नॉर्थ-नॉर्थईस्ट २२½, नॉर्थईस्ट बाय नॉर्थ ३३¾, नॉर्थईस्ट ४५, नॉर्थईस्ट बाय ईस्ट ५६¼, ईस्ट-नॉर्थईस्ट ६७½, ईस्ट बाय नॉर्थ ७८¾, ईस्ट ९०. बाकीचे तीन चतुर्थांश याचीच आरशातली प्रतिबिंबं. ३२ही नावं न अडखळता गोल म्हणून दाखवणं ही शिडाच्या जहाजावरच्या पोराची पहिली परीक्षा असे.

आता तुमचं उदाहरण. साउथवेस्ट २२५. बाय वेस्ट, म्हणून एक घर पश्चिमेकडे: २३६¼. पुढचं ‘हाफ वेस्ट’ म्हणजे अर्धं घर आणखी पश्चिमेकडे, ५ अंश ३७½ मिनिटं. बेरीज २४१ अंश ५२½ मिनिटं, म्हणजे व्यवहारात २४२.

रेघोट्या

चौथा पहारा यांच्याशी सहमत. पाव घरांची भर घालतो, कारण लॉगबुकात गोंधळ तिथेच जास्त होतो.

घराचे चार भाग केले की एक पाव २ अंश ४८ मिनिटं ४५ सेकंदांचा, आणि वर्तुळात १२८ दिशा होतात. पण पाव मोजायचे कुठून, यावर वेगवेगळ्या आरमारांच्या पद्धती वेगळ्या होत्या. त्यामुळे एकाच दिशेला दोन नावं सापडतात. ‘नॉर्थ-नॉर्थईस्ट, पाऊण ईस्ट’ काढा: २२½ अधिक ८ अंश २६ मिनिटं, म्हणजे ३० अंश ५६ मिनिटं. आता ‘नॉर्थईस्ट बाय नॉर्थ, पाव नॉर्थ’: ३३¾ वजा २ अंश ४९ मिनिटं. उत्तर तेच. तुमची साउथवेस्ट बाय वेस्ट, हाफ वेस्ट ही दुसऱ्या वहीत ‘वेस्ट-साउथवेस्ट, हाफ साउथ’ म्हणून भेटेल. कुठली पद्धत आहे याचा काथ्याकूट करू नका. अपूर्णांकानंतरचं अक्षर सरकण्याची दिशा सांगतं, तेवढं पाळलं की दोन्ही नावं एकाच अंशावर येतात.

आणि २४२ आले म्हणून जहाज २४२ वर गेलं असं नाही. तो होकायंत्राने दाखवलेला रोख आहे. त्यावर तीन संस्कार करायचे:

लीवे, म्हणजे वाऱ्याने जहाज आडवं ढकललं जाणं. लॉगमध्ये त्याचा रकाना असतो आणि आकडा घरांत असतो, अर्धं, एक, कधी दोन. वारा उजवीकडून असेल तर जहाज डावीकडे घसरतं, म्हणून वजा. डावीकडून असेल तर अधिक.

डेव्हिएशन, म्हणजे जहाजावरच्या लोखंडाने सुई फिरते ती. लाकडी जहाजात थोडं, लोखंडी सांगाड्यात भरपूर. प्रत्येक रोखाला वेगळं.

व्हेरिएशन, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन. हे त्या वर्षाचं, त्या ठिकाणचं घ्यायचं. आजच्या नकाशावरचा आकडा जुन्या प्रवासाला लावला तर जहाज डोंगरावर चढतं.

पूर्वेकडची चूक मिळवायची, पश्चिमेकडची वजा करायची, हे होकायंत्राकडून खऱ्या दिशेकडे जाताना. आपल्याकडच्या कॅडेटांचं पाठांतर आहेच: एरर वेस्ट, कंपास बेस्ट, एरर ईस्ट, कंपास लीस्ट.

जाता जाता तारखेचं. इंग्रजी आरमारात १८०५ पर्यंत जहाजाचा दिवस दुपारी बाराला सुरू होई, तोही जमिनीवरच्या तारखेच्या बारा तास आधी. लॉगमधल्या ५ जूनची दुपार म्हणजे जमिनीवरची ४ जूनची दुपार. व्यापारी जहाजांवर ही चाल पुढेही टिकली, तेव्हा वही हातात घेतली की आधी हे तपासा.

कोलंबी भात

वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न: ३२च का? ३६ केले असते तर प्रत्येकी दहा अंश आले असते की, हिशेब किती सोपा.

चौथा पहारा

भूमितीच्या कंपासने कागदावर कोन निम्मा करता येतो, पुन्हा निम्मा करता येतो. ९० अंशांचे नऊ भाग नुसत्या कंपास-पट्टीने होत नाहीत. शिवाय सुकाणूवरच्या माणसाला अंकगणित येत असेलच असं नव्हतं, पण दोन खुणांची मध्यभागी खूण कुणालाही दिसते.

दुसरं, जास्त बारीक दिशेचा उपयोगच नव्हता. लाटांवर डुलणारं शिडाचं जहाज पाव-अर्ध्या घरापेक्षा नेमकं धरता येत नाही. तेलाच्या दिव्याच्या उजेडात ३६० रेघांची तबकडी वाचणं ही शिक्षाच. वाऱ्याचा हिशेबही घरांत बसतो: चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या सहा घरं जवळ जातं, म्हणजे ६७½ अंश. वारा नॉर्थ असेल तर एका बाजूला ईस्ट-नॉर्थईस्ट आणि दुसऱ्या बाजूला वेस्ट-नॉर्थवेस्ट, याच्या आत जाता येणार नाही, हे बोटावर मोजून कळतं.

नोंद ठेवायची सोयही तशीच होती. ट्रॅव्हर्स बोर्ड नावाची लाकडी फळी असे. तिच्यावर ३२ दिशांच्या रेघा, प्रत्येक रेघेवर आठ भोकं, आणि मध्यभागी दोऱ्यांनी बांधलेल्या आठ खुंट्या. चार तासांचा पहारा, अर्ध्या तासाची वाळूची घडी. घडी उलटली की ज्या दिशेने जहाज गेलं त्या रेघेच्या भोकात एक खुंटी: पहिल्या अर्ध्या तासाची केंद्राजवळच्या भोकात, पुढच्या बाहेर बाहेर. पहारा संपला की अधिकारी फळी वाचून वहीत उतरवतो आणि खुंट्या काढून टाकतो. अक्षरओळख नसलेला खलाशीही नोंद ठेवू शके. लॉगमधली दिशा कधी कधी नेमकी अर्ध्या तासाच्या पटीत बदललेली दिसते त्याचं कारण हे.

अंशांची तबकडी आली तरी घरं मेली नाहीत. टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम काढून बघा. बाजूचा दिवा ११२½ अंश, डोलकाठीचा २२५, मागचा १३५. हे विचित्र आकडे म्हणजे १०, २० आणि १२ घरं. मागून येणारं जहाज ‘ओव्हरटेकिंग’ कधी ठरतं? बीमच्या, म्हणजे जहाजाच्या आडव्या रेषेच्या, मागे २२½ अंशांपेक्षा जास्त, म्हणजे दोन घरं. एमएमडीच्या (जहाजी अधिकाऱ्यांची परीक्षा घेणारं सरकारी खातं) तोंडी परीक्षेला हा आकडा घोकणाऱ्या पोरांना तो कुठून आला हे सांगितलं की परत विसरत नाहीत.

नकाशावेडी

भूमध्य समुद्राची बाजू राहिली. तिथे दिशांना वाऱ्यांची नावं होती: उत्तर त्रामोंताना, ईशान्य ग्रेको, पूर्व लेवांते, आग्नेय शिरोक्को, दक्षिण ओस्त्रो किंवा मेत्झोजोर्नो, नैऋत्य लिबेच्चो किंवा गार्बिनो, पश्चिम पोनेंते, वायव्य माएस्त्रो. जुन्या पोर्तोलान, म्हणजे दर्यावर्दींच्या किनारी, नकाशांवर यांची आद्याक्षरं असतात, आणि पूर्वेला पुष्कळदा अक्षराऐवजी क्रूस, कारण पवित्र भूमी त्या बाजूला. रेघांचे रंगही ठरलेले: आठ मुख्य वारे काळे किंवा तपकिरी, आठ अर्धे वारे हिरवे, सोळा पाव वारे लाल. नकाशावर इंचाइंचाला रेघा असताना आपली रेघ कुठली हे रंगावरून ओळखायचं. संग्रहालयात असा नकाशा दिसला तर आधी हिरव्या रेघा शोधा, म्हणजे बाकीचं आपोआप लागतं.

इथे एक मोठा खड्डा आहे. इटालियनमधला ‘क्वार्ता’ म्हणजे ४५ अंशांचा पाव भाग, म्हणजे अख्खं एक घर, ११¼ अंश. ‘क्वार्ता दी त्रामोंताना वेर्सो ग्रेको’ हे इंग्रजीतलं नॉर्थ बाय ईस्ट. स्पॅनिश ‘क्वार्ता’ आणि फ्रेंच ‘कार’ही तसेच. इंग्रजीतला ‘क्वार्टर’ मात्र घराचा पाव भाग, २ अंश ४९ मिनिटं. भाषांतरात हे दोन एकमेकांच्या जागी बसवले तर साडेआठ अंशांची चूक होते.

दुसरा खड्डा ‘ओ’ अक्षराचा. जर्मन तबकडीवर ओ म्हणजे ओस्ट, पूर्व. फ्रेंचवर ओ म्हणजे वेस्त, पश्चिम. स्पॅनिशवरही पश्चिम. जुन्या इटालियन तबकडीवर ओ म्हणजे ओस्त्रो, दक्षिण! एकच अक्षर, तीन दिशा. तबकडी कुठल्या देशाची ते ठरवल्याशिवाय अक्षर वाचूच नये. तिवरा, तुमच्या वह्या इंग्रजी असल्या तरी जप्त केलेल्या जहाजांचे कागद मधेच घुसलेले असतात, तेव्हा जपून.

मृगशीर्ष

आता तुमचा दुसरा प्रश्न. हिंदी महासागरातल्या अरबी नौकानयनात ३२ घरंच होती, त्यांना खन्न म्हणत, पण नावं ताऱ्यांची. पूर्वेच्या अर्धवर्तुळात ताऱ्याचा उदय, म्हणजे मतला. पश्चिमेच्या अर्धवर्तुळात त्याच ताऱ्याचा अस्त, म्हणजे मगीब. उत्तर आणि दक्षिण स्वतंत्र. त्यामुळे १५ तारे आणि दोन ध्रुव एवढ्यात ३२ घरं भागतात. पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद आणि त्याच्यानंतरचा सुलेमान अल-महरी यांच्या लिखाणात ही पद्धत पूर्ण रूपात दिसते. दाभोळ, चौल ही आपली बंदरंही त्या साहित्यात येतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे, पूर्वेच्या बाजूने, आपल्या ओळखीच्या नावांसकट:

जाह: ध्रुवतारा, उत्तर
फरकद: ध्रुवमत्स्यातले दोन ठळक तारे, ११¼
नआश: सप्तर्षी, २२½
नाका: शर्मिष्ठा, ३३¾
अय्यूक: ब्रह्महृदय, ४५
वाकी: अभिजित, ५६¼
सिमाक: स्वाती, ६७½
सुरय्या: कृत्तिका, ७८¾
तायर: श्रवण, ९०
जौझा: मृगाचा पट्टा, १०१¼
तीर: व्याध, ११२½
इक्लील: अनुराधा, १२३¾
अकरब: ज्येष्ठा, १३५
हिमारान: नरतुरंगातले दोन ठळक तारे, १४६¼
सुहैल: अगस्त्य, १५७½
सुल्बार: अग्रनद, १६८¾
कुत्ब: दक्षिण ध्रुव, १८०

आकाश बघणाऱ्याने ही यादी वाचली की पहिली शंका येते आणि ती रास्त आहे: हे तारे खरंच तिथे उगवतात का? पुष्कळसे नाही. मालवणच्या अक्षांशावर आजच्या स्थितीनुसार ब्रह्महृदय सुमारे ४२ अंशांवर उगवतो, घर ४५चं. हे ठीक. स्वाती ७०वर, घर ६७½चं, हेही ठीक. पण कृत्तिका ६५वर उगवतात आणि घर ७८¾चं, म्हणजे घरांच्या क्रमात त्या स्वातीच्या दक्षिणेला आणि क्षितिजावर उत्तरेला. ज्येष्ठा ११७वर उगवते, घर १३५चं. अगस्त्य १४६वर, घर १५७½चं. पूर्वेला बसवलेला श्रवण प्रत्यक्षात ८१वर येतो. अगदी काटेकोर पूर्वेला उगवतो तो मृगाचा पट्टा, त्यातही उत्तरेकडचा तारा, आणि त्याला घर मिळालंय एक पायरी दक्षिणेचं.

अयनचलनाने, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो त्याने, पाचशे वर्षांत थोडा फरक पडला आहे, पण एवढ्या तफावती त्याने भरून येत नाहीत. घरं समान अंतराची आणि तारे मनमानी अंतराचे. म्हणून जवळच्या ताऱ्याचं नाव घराला दिलं आणि ते नाव पक्कं झालं. मालमाने ‘मतला अकरब’ म्हटलं तर ज्येष्ठा कुठे उगवली हे बघायचं नसे, तबकडीवरचं आग्नेयेचं घर धरायचं असे. हे लक्षात न घेता ताऱ्याच्या खऱ्या उदयबिंदूवरून जुन्या मार्गाचा नकाशा काढणारे लेख आंतरजालावर ढिगाने आहेत. त्यांतली जहाजं वाळवंटात जातात.

पडाव

मृगशीर्ष, उत्तम. वापरताना अडतं ती गोष्ट सांगतो: परतीचा रोख.

इंग्रजी नावांत उलटी दिशा काढणं सोपं. नॉर्थचं साउथ, ईस्टचं वेस्ट करा, झालं. ताऱ्यांच्या घरांत जाण्याचा आणि येण्याचा तारा वेगळा. ब्रह्महृदयाच्या उदयाकडे, म्हणजे ईशान्येला निघालात तर परत येताना नैऋत्य धरायची, ती ज्येष्ठेच्या अस्ताची. म्हणून जोड्या पाठ लागतात: फरकद–सुल्बार, नआश–सुहैल, नाका–हिमारान, अय्यूक–अकरब, वाकी–इक्लील, सिमाक–तीर, सुरय्या–जौझा. तायरची जोडी तायरशीच. उदयाचा अस्त करायचा आणि जोडीदार घ्यायचा.

आपल्या किनाऱ्यावर लावून बघू. मुंबई बंदराच्या तोंडापासून गोव्याच्या आग्वादपर्यंत सरळ रेघ मारली तर ती सुमारे १६५ अंशांची, २१० सागरी मैलांच्या आसपास. पण ती रेघ जयगड-रत्नागिरीच्या टप्प्यात जमिनीला लागते, कारण किनारा तिथे पश्चिमेला फुगलाय. त्याऐवजी साउथ बाय ईस्ट, १६८¾, धरला तर रत्नागिरी चार-पाच मैल डावीकडे राहते आणि पुढे वेंगुर्ला रॉक्स हे समुद्रातले खडक बाहेरून निघतात. तेही जेमतेम, म्हणून मालवणच्या आधीच थोडं बाहेर काढायचं. रॉक्स मागे पडले की आग्वादकडे साधारण आग्नेय. अरबी घरांत म्हणायचं तर आधी मतला सुल्बार, मग मतला अकरब. परत येताना मगीब अय्यूक, मग मगीब फरकद. चार अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण ११० मैलांत तो सात-आठ मैल होतो आणि कोकणात तेवढ्यात खडक लागतो. (हा हिशेब चर्चेपुरता. नाव चालवायला चार्ट घ्या.)

मुंबईहून ओमानच्या रास अल हद्द या टोकाकडे रोख काढलात तर २८६-२८७ अंश येतो, म्हणजे कृत्तिकांचा अस्त आणि स्वातीचा अस्त यांच्या बरोबर मधे. अशा मधल्या रोखासाठी अर्धं घर दोन्ही पद्धतींत लागतंच.

रेघोट्या

अरबी पद्धतीत दिशेला उंचीची जोड होती, ती सांगितल्याशिवाय चित्र अर्धं राहतं. ध्रुवाची उंची बोटांत, म्हणजे इस्बात मोजत. वर्तुळाचे २२४ इस्बा धरले तर एक इस्बा १ अंश ३६ मिनिटं, २१० धरले तर सुमारे १ अंश ४३ मिनिटं. दोन्ही हिशेब चालत. तीन तासांच्या प्रवासाला झाम म्हणत. थेट उत्तरेला आठ झाम, म्हणजे एक दिवस-रात्र गेलं की ध्रुव एक बोट वर चढतो असा हिशेब. म्हणजे वेग साधारण ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल), शिडाच्या भरलेल्या नावेला पटण्यासारखा. दाभोळ आणि मालवण यांच्या अक्षांशांतला फरक १ अंश ३२ मिनिटं, म्हणजे जवळपास एक बोट.

रोख उत्तरेहून ढळला की तेच एक बोट चढायला जास्त अंतर लागतं. आजच्या त्रिकोणमितीने: चार घरं ढळलं तर १.४१ पट, सहा घरं ढळलं तर २.६१ पट, सात घरं ढळलं तर ५.१३ पट. शेवटचा आकडा बघा. पूर्व-पश्चिमेच्या एक घर अलीकडे रोख असेल तर ध्रुवाच्या उंचीवरून कापलेलं अंतर काढणं बेभरवशाचं, कारण उंची मोजताना झालेली पाव बोटाची चूकही पाचपटीने वाढते. म्हणून थेट पश्चिमेच्या प्रवासात आधी इच्छित बंदराची उंची गाठायची आणि मग ती राखत आडवं जायचं.

त्यातही ध्रुवतारा तेव्हा ध्रुवापासून जवळजवळ साडेतीन अंश दूर होता, आज एका अंशाच्याही आत आहे. रात्रीच्या वेगवेगळ्या वेळी त्याची उंची बदले, त्यासाठी चंद्राच्या नक्षत्रांवरून दुरुस्ती करत. तिला बाशी म्हणत.

कोलंबी भात

भारीच! अवांतर: चिनी जहाजांवरही ३२च का?

नकाशावेडी

नाही, २४. प्रत्येक घर १५ अंशांचं. चिनी कालगणनेतल्या बारा शाखांची नावं, आठ खोडांची आणि चार त्रिरेघांची (तीन रेघांची चिन्हं) मिळून चोवीस. उत्तर त्झु, दक्षिण वू, पूर्व माओ, पश्चिम यू. एकच अक्षर सांगितलं तर त्या घराचा मध्य, शेजारची दोन अक्षरं जोडून सांगितली तर त्यांच्या मधली रेघ, त्यामुळे ४८ दिशा साडेसात अंशांच्या. अंतर गेंगमध्ये, दिवस-रात्रीचे दहा गेंग, म्हणजे एक गेंग २ तास २४ मिनिटांचा.

उलट पॅसिफिकमध्ये, कॅरोलाइन बेटांवर, पुन्हा ताऱ्यांचं होकायंत्र आणि तिथेही पूर्वेला श्रवणच, नाव मायलाप. हवाईत नायनोआ थॉम्पसन या दर्यावर्दींनी विसाव्या शतकात नव्याने बांधलेल्या तारा-होकायंत्रात ३२ घरं आहेत. प्रत्येक चतुर्थांशात तीच सात नावं, चतुर्थांश वेगळा सांगायचा. ‘मानू’ म्हणजे बरोबर मधलं, ४५चं घर. मला ही सगळ्यांत हुशार मांडणी वाटते: उलटी दिशा काढताना घराचं नाव बदलतच नाही, फक्त चतुर्थांश समोरचा घ्यायचा.

तिवरा

सगळ्यांचे आभार. टिपणांत मराठी नावं लिहावीत म्हणते. सोळापर्यंत जमतं, हवामान खात्याच्या वादळाच्या पत्रकात ‘पश्चिम-वायव्य’ असतंच. ‘बाय’चं काय करू? ‘उत्तरकलती पूर्व’ असं काही चालेल?

चौथा पहारा

नको. ‘उत्तरकलती पूर्व’ वाचून मूळ दिशा पूर्व वाटते आणि कल उत्तरेकडे, म्हणजे ईस्ट बाय नॉर्थ. तुम्हाला हवं होतं नॉर्थ बाय ईस्ट. ६७½ अंशांची गल्लत. ‘उत्तरेहून पूर्वेकडे एक घर’ लिहा. लांब आहे, पण उलटं वाचता येत नाही.

नकाशावेडी

मी असहमत. रकान्यात एवढं मावत नाही. मूळ नाव देवनागरीत तसंच ठेवावं आणि शेजारी अंश. वाचणाऱ्याला मूळ नोंदीशी ताडून बघता आलं पाहिजे. आणि वाऱ्याच्या रकान्यात दिशा येते कुठून ती, प्रवाहाच्या रकान्यात जातो कुठे ती. नैऋत्येचा वारा आणि नैऋत्येचा प्रवाह एकमेकांच्या समोरासमोर असतात, ही तळटीप पहिल्याच पानावर टाका.

पडाव

लॉग वाचण्यापलीकडे, घरांचा उपयोग आजही होतो तो सांगतो. हात पूर्ण ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे एक घर थोडं कमी. नाळेवरून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावरून, ‘उजवीकडे दोन घरं, दिवा’ असं सांगायला अंशांची गरज नाही.

चार घरांची बेअरिंगही अशीच. दीपगृह नाळेपासून चार घरांवर, ४५ अंशांवर, आलं की वेळ टिपा. तेच बरोबर बाजूला, ९० अंशांवर, आलं की पुन्हा टिपा. मधे जेवढं अंतर कापलं तेवढ्याच अंतरावर दीपगृह आहे. ८ नॉट वेगाने अर्धा तास लागला तर ४ मैल. रोख बदलला, वेग बदलला किंवा भरती-ओहोटीचा ओढ असला की हे फसतं. ओढ मागून असेल तर पाण्यावरचं अंतर कमी भरतं आणि दीपगृह खऱ्यापेक्षा जवळ वाटतं. समोरून असेल तर दूर वाटतं, आणि धोक्याचं हेच.

कोलंबी भात

मच्छीमारी नावेवरच्या छोट्या होकायंत्राला हे सगळं लागू होतं का? सगळ्यांकडे जीपीएस असताना कोण बघतं त्याच्याकडे?

पडाव

बॅटरी बसली की सगळे बघतात. नावेवर व्हेरिएशनची चिंता कमी, मुंबईच्या आसपास ते सध्या एका अंशाच्या आत आहे. चूक होते ती डेव्हिएशनने. होकायंत्राशेजारी लाउडस्पीकर, मोबाइल, पान्हा, लोखंडी डबा ठेवला की सुई अर्धं-एक घर सहज फिरते. वीजेच्या तारा एकेकट्या जवळून नेल्या तरी फिरते. धन आणि ऋण तार एकत्र पीळ घालून न्याव्यात, म्हणजे त्यांचं क्षेत्र एकमेकांना मारतं. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, यावरून अंदाज करा.

तपासायची रीत: चार्टवरच्या दोन पक्क्या खुणा, दीपगृह आणि देवळाचा कळस वगैरे, एका रेघेत येतील अशा जागी नाव न्यायची. त्या रेघेची दिशा चार्टवरून काढायची, होकायंत्राची वाचायची, फरक लिहायचा. मग नाव हळूहळू गोल फिरवत आठही दिशांना नाळ करून हेच. एका दिशेला बरोबर आलं म्हणून सगळीकडे बरोबर समजू नका. उत्तरेला शून्य आणि पूर्वेला आठ अंश असं सर्रास निघतं. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि वायरलेस लावून तपासायचं, कारण समुद्रात ते चालूच असतात. तबकडीवर हवेचा बुडबुडा दिसला तर होकायंत्रातला द्रव गळतोय, आधी पडद्याचा वायसर बघा. वायसर न बदलता नुसता द्रव भरला तर महिन्याभरात बुडबुडा परत येतो.